काडाच्या भिंतींचे घर

जबलपूर शहर मागे टाकून पाटण किंवा सिहोऱ्याच्या वाटेला लागले, की दोन्ही बाजूंस काळ्या जमिनीचा सपाट मुलूख पसरलेला दिसतो. या मुलखाला ‘हवेली’ असे जुने नाव आहे. येथील शेतकरी शेताभोवती उंच बांध घालून पावसाळ्याचे पाणी शेतातच तुंबवून ठेवीत. तण पाण्याखाली कुजून जाई, जमीन खोलवर भिजे, आणि ऑक्टोबरच्या सुमारास पाणी सोडून दिले की त्याच ओलीवर गहू आणि हरभरा पेरला जाई. पुढे विहिरींवर पंप बसले, सोयाबीन आले, त्यामागून भातही वाढला आणि हवेलीची पद्धत मागे पडली. गहू मात्र टिकून राहिला. चैत्रात हा सारा प्रदेश पिवळा होतो, यंत्रे शेतात उतरतात, दाणे गाडीत पडतात आणि गुडघ्याला लागतील एवढाले खुंट शेतात उभे राहतात. मध्यप्रदेशात या खुंटांना ‘नरवाई’ म्हणतात. पुढच्या पिकासाठी शेत लवकर मोकळे व्हावे म्हणून ही नरवाई पेटवून देण्याची सवय गेल्या काही दशकांत पडली आहे. राज्य शासनाने ती बेकायदा ठरविली, दंड बसविले, २०२५ साली तर नरवाई जाळणाऱ्यांना शेतकरी-साहाय्याचे पैसे मिळणार नाहीत असेही जाहीर केले. तरीही एप्रिलच्या संध्याकाळी क्षितिजावर धुराच्या रेघा दिसतातच.

जे जाळले जाते त्यापासून घराची भिंत उभी राहू शकते, ही गोष्ट ऐकणाऱ्याला प्रथम थट्टेची वाटते. काडाचे घर म्हटले की फुंकरीने उडून जाणारी झोपडी डोळ्यांपुढे येते. वस्तुतः येथे ज्या भिंतीचा विचार करावयाचा आहे ती दीड फूट जाडीची, दोन्ही अंगांनी मातीचा किंवा चुन्याचा गिलावा केलेली आणि वीटबंदी भिंतीइतकीच ठाम दिसणारी भिंत असते. तिच्या गाभ्यात वीट नसते, दाबून बांधलेले काडाचे गठ्ठे असतात, एवढाच फरक. जबलपूरच्या खेड्यांत असे घर बांधणे शहाणपणाचे ठरेल काय, आणि ठरेल तर कोणत्या अटींवर, हे पाहण्यापूर्वी या प्रदेशाने जो धडा घेतला, किंवा घ्यावयास हवा होता, त्याकडे वळले पाहिजे.

२२ मे १९९७

त्या दिवशी पहाटे चार वाजून बावीस मिनिटांच्या सुमारास जबलपूर, मंडला, शिवनी आणि छिंदवाडा या जिल्ह्यांना भूकंपाचा धक्का बसला. त्याचे परिमाण ५.८ होते आणि नाभी जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटर खोल होती. नर्मदा आणि शोण या नद्यांची खोरी ज्या प्राचीन भ्रंशरेषेला धरून आहेत, तिच्याशी या हालचालीचा संबंध होता. जबलपूरजवळच्या कोसमघाट या गावाला सर्वाधिक झळ पोचली. मृतांची संख्या चाळीसच्या आसपास होती, पण पडलेली आणि राहण्याजोगी न उरलेली घरे हजारोंनी मोजावी लागली. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून निजण्याची येथील रीत त्या पहाटे पुष्कळांच्या कामी आली. मदनमहालजवळची एका शिळेवर तोललेली प्रचंड शिळा त्या धक्क्यातही ढळली नाही, हे जबलपूरला येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला आजही कौतुकाने सांगितले जाते. जी घरे ढळली त्यांच्याविषयी सांगणारे थोडे.

मराठी वाचकाला यावरून किल्लारीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या रात्री, लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथे दगड मातीत रचलेल्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती होत्या आणि वर मातीचे जड माळवद होते. जबलपूरकडे माळवद नाही. कौलारू छप्पर, लाकडी वासे, आणि खाली मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती असा तेथील प्रकार. दोन्ही ठिकाणी घर पडण्याचे कारण मात्र एकच होते. भूकंपात घरावर येणारा आडवा रेटा घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. भिंत जितकी जड, तितका तिला बसणारा हिसका मोठा. शिवाय मातीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. चार भिंती कोपऱ्यांत एकमेकींशी बांधलेल्या नसल्या, तर प्रत्येक भिंत आपापल्या परीने डोलते, कोपऱ्यात उभी भेग पडते, मग भिंत बाहेर झुकते आणि वाशांचा आधार सुटून छप्पर खाली येते.

तेव्हा दोष मातीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय मानक संस्थेने १९९३ सालीच मातीच्या घरांसाठी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले होते. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून अधिक नसावी, दोन आडव्या भिंतींमधील अंतर जाडीच्या दहापटीहून अधिक नसावे, दार-खिडकी १.२ मीटरहून रुंद नसावी आणि ती कोपऱ्यापासून निदान तितक्याच अंतरावर असावी, सर्व भिंतींवरून लाकडाचा किंवा बांबूचा सलग पट्टा फिरवावा, अशी त्यांतील साधी कलमे आहेत. ती गवंड्यापर्यंत पोचली नाहीत. भूकंपानंतर लोकांनी धडा घेतला तो निराळाच: माती वाईट, सिमेंट चांगले. आणि मग ज्याला परवडेल त्याने सिमेंटच्या चार भिंती उभारून वर सपाट छत टाकले. मे महिन्यात, पारा ४२ अंशांच्या पुढे गेला असता, त्या छताखाली दुपारी माणसाला बसवत नाही.

खरा प्रश्न येथे उपस्थित होतो. मातीच्या घराचा गारवा हवा, पण तिचे वजन नको. सिमेंटच्या घराची बांधणी हवी, पण त्याची धग आणि त्याचा खर्च नको. काडाच्या भिंतीचा विचार या दोहोंच्या मधल्या जागेत बसतो.

मूळ कोठले

काडाचा उपयोग आपल्या बांधकामाला नवा नाही. भिंतीच्या मातीत भुसा, पेंढा किंवा गवत कालवून ती तुडविणे ही रीत कोकणापासून महाकोशलापर्यंत सर्वत्र आहे. वाळताना माती आकसते आणि तडकते. काड तिला धाग्यासारखे धरून ठेवते. कुडाच्या भिंतीवर जो लेप चढतो त्यातही भुसा आणि शेण असते. परंतु या सर्व प्रकारांत माती मुख्य असून काड तिचे साहाय्यक असते. काडाला मुख्य स्थान देणारी भिंत जन्मली ती अमेरिकेत, नेब्रास्का राज्याच्या वालुकामय टेकड्यांत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे वसाहत करण्यासाठी गेलेल्या शेतकऱ्यांपुढे मोठी अडचण होती. झाडे नव्हती, म्हणून लाकूड नव्हते. जमीन वाळूची, म्हणून तिची ढेपळे कापून भिंत रचावी तर ती ढासळे. पण गवत विपुल होते, आणि घोड्याच्या बळावर चालणारी गवत दाबून गठ्ठे बांधण्याची यंत्रे तोवर सर्वत्र झाली होती. चांगले घर होईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून कोणीतरी ते गठ्ठे विटांसारखे रचले. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आणि घर अपेक्षेहून सुखाचे आहे असे ध्यानात आले. बेयर्ड या गावाजवळ अशा गठ्ठ्यांची एक शाळा बांधली गेली होती. तिला गिलावा केला नव्हता, म्हणून मोकळ्या सुटलेल्या गायींनी ती काही वर्षांत खाऊन टाकली, अशी नोंद आहे. गिलावा का हवा, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. आर्थर या गावी १९२८ साली गठ्ठ्यांनी बांधलेले गिरिजाघर मात्र टिकून राहिले. त्याच्या आठ वर्षे अगोदर, १९२० साली, फ्रान्समधील मोंतार्जी येथेही लाकडी सांगाडा आणि काडाचे गठ्ठे यांचे एक घर उभे राहिले, तेही शंभरी ओलांडून गेले आहे.

नेब्रास्काच्या घरांत छपराचा भार थेट गठ्ठ्यांवर होता. मोंतार्जीच्या घरात तो लाकडी खांबांवर होता आणि गठ्ठे केवळ मधल्या जागा भरीत होते. हा फरक बारीक वाटतो, पण जबलपूरच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. गठ्ठ्यांवर छप्पर टाकावयाचे तर भिंत पुरी रचून झाल्यावर, ती दबून स्थिर झाल्यावरच छप्पर चढते. तोवर सारे काड उघड्यावर राहते. सांगाडा असला की आधी छप्पर, मग त्याच्या सावलीत भिंत. ज्या देशात वळवाचा पाऊस मे महिन्यात कोणत्याही दुपारी येऊ शकतो, तेथे दुसरी पद्धतच स्वीकारली पाहिजे.

ओलाव्याचा हिशेब

काडाचा शत्रू कोण, असे विचारले तर बहुतेक लोक अग्नी असे उत्तर देतील. ते बरोबर नाही. सुट्या काडाला आग झटकन लागते, हे खरे. बांधकाम चालू असताना भोवती विखुरलेला भुसा, आणि शेजारी बिडी ओढणारा गडी, हा धोका खरोखरच मोठा असतो, आणि रोज संध्याकाळी झाडलोट करणे हाच त्यावर उपाय. पण घट्ट दाबलेल्या गठ्ठ्यात हवा खेळत नाही. जाड ग्रंथ पेटविण्याचा प्रयत्न करणाऱ्याला जसा अनुभव येतो, तसाच येथे येतो: कडा काळ्या होतात, आत आग शिरत नाही. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या अशा भिंतींनी अमेरिकेतील प्रमाणित अग्निपरीक्षेत एक ते दोन तास टिकाव धरलेला आहे.

खरा शत्रू ओलावा. काडात वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी दीर्घकाळ राहिले की बुरशी धरते, आणि बुरशीनंतर कुजणे ठरलेलेच. भिंतीत बसविताना तर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत असलेले बरे. नेब्रास्काच्या त्या टेकड्यांवर वर्षाला साधारण ४०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. जबलपूरला १,३०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंतच्या शंभर दिवसांत. ऑगस्टमध्ये तर कित्येक दिवस हवाच पाण्याने भरलेली असते, आणि छपराखालचे काडदेखील त्या हवेतून ओल शोषते. म्हणून परदेशातील नकाशा जसाच्या तसा येथे आणणे हा अविचार ठरेल.

मात्र पाऊस पुष्कळ आहे म्हणून काडाचे घर अशक्यच, असेही नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात हंट्सव्हिल येथे डॉक्टर बरिट यांनी बांधलेला वाडा १९३८ साली पुरा झाला. त्याच्या भिंतींत गव्हाच्या काडाचे गठ्ठे भरलेले आहेत. त्याच जागेवरील त्यांचे पहिले घर १९३६ साली जळाले होते. तरीही त्यांनी दुसऱ्यांदा काडच वापरले. हंट्सव्हिलचा वार्षिक पाऊस जबलपूरइतकाच आहे, थोडा अधिकच. वाडा आज संग्रहालय म्हणून उभा आहे. फरक एवढाच, की तेथला पाऊस बारा महिन्यांत विभागलेला असतो, आणि जबलपूरच्या भिंतीला तो एका ऋतूत सोसावा लागतो. त्या बदल्यात उरलेले आठ महिने तिला वाळावयाला मिळतात.

या वाळण्याला वाव असणे महत्त्वाचे. भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की पाणी आत जाणार नाही, अशी समजूत असते. पण सिमेंटला कालांतराने केसासारख्या बारीक भेगा पडतात, पाणी त्यांतून आत शिरते आणि बाहेर येण्याची वाट मात्र बंद होते. मातीचा आणि चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि परत सोडतो. चुन्यासाठी जबलपूरकरांना दूर जावयास नको. कटनीचा चुना या कामी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. सिमेंटचा मोह या एका बाबतीत निश्चयाने टाळावा.

गहू की भात

काड कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. हवेलीत गहू अधिक, म्हणून गव्हाचे काड प्रथम सुचते. पण त्याला दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की गव्हाचा भुसा हा गुरांचा आवडता चारा आहे. खुंट कापून त्यांचा बारीक भुसा करणारी यंत्रे आता गावोगाव फिरतात, आणि तो भुसा चांगल्या भावाने विकला जातो. गोठ्यातल्या गाईच्या तोंडचा घास काढून भिंतीत भरणे कोणत्याही शेतकरी कुटुंबाला रुचणार नाही, आणि रुचू नये. शिवाय असा बारीक भुसा गठ्ठ्याला निरुपयोगी असतो. गठ्ठ्यासाठी लांब, अखंड काड हवे. दुसरी अडचण वेळेची. गहू निघतो मार्च-एप्रिलमध्ये, आणि जूनच्या मध्यास आभाळ भरून येते. मध्ये जेमतेम दोन-अडीच महिने, आणि त्यांतच लग्नसराई.

भाताचा पेंढा, ज्याला तिकडे ‘पैरा’ म्हणतात, या दोन्ही दृष्टींनी सोयीचा आहे. चारा म्हणून त्याची किंमत कमी. त्यात सिलिकेचा अंश अधिक असल्याने तो कुजण्यास थोडा अधिक विरोध करतो. आणि तो नोव्हेंबरात हाती येतो, म्हणजे पुढे सहा-सात कोरडे महिने मिळतात. मध्ये जानेवारी-फेब्रुवारीत मावठ्याचा पाऊस येतो, त्याची काळजी घेतली म्हणजे झाले. हाताने कापून झोडपलेल्या भाताच्या पेंढ्या लांब आणि सरळ असतात. एकंदर विचार करता, गव्हाच्या मुलखातसुद्धा भाताचा पेंढाच पत्करावा.

गठ्ठे बांधण्याचे ट्रॅक्टरवरील यंत्र मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास लाकडी फळ्यांची, आतून ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद अशी पेटी करावी. तिच्यात आधी दोन दोऱ्या अंथरून पेंढा भरावा, वरून फळी ठेवून जॅकने किंवा लांब तरफेने दाबावे आणि ३५ सेंटिमीटर उंची झाली की दोऱ्या आवळाव्यात. असा गठ्ठा १५-१६ किलोंचा भरला पाहिजे. दोरीखाली दोन बोटेच कशीबशी शिरावीत; मूठ शिरली तर गठ्ठा सैल आहे, तो पुन्हा दाबावा. ओल पाहण्यासाठी गठ्ठ्याच्या पोटातून १०० ग्रॅम पेंढा काढून मंद आचेवर, वजन घटणे थांबेपर्यंत, वाळवावा. तो ८५ ग्रॅमहून कमी भरला, तर गठ्ठे अद्याप बांधकामास योग्य नाहीत.

एका कुटुंबाचे घर

उदाहरणादाखल बाहेरून ९ मीटर लांब आणि ५.४ मीटर रुंद असे घर घेऊ. त्यात दोन दारे आणि पाच खिडक्या धरल्या, आणि भिंत गठ्ठ्यांच्या सात थरांची, म्हणजे २.४५ मीटर उंच ठेवली, तर दारे-खिडक्या वजा जाता सुमारे ६२ चौरस मीटर भिंत उरते. तिला दोनशेच्या आत गठ्ठे लागतात. तुटफूट धरून २२० करावेत. त्यांचे वजन साडेतीन टन होते. एक ते दोन हेक्टर शेतातून इतका पेंढा सहज निघतो. भिंत ४५ सेंटिमीटर जाडीची असल्याने आत राहावयास ३६ चौरस मीटर जागा मिळते, म्हणजे पायथ्याच्या क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा भिंतीच खातात. शहरातल्या मोजक्या जागेत हा उधळेपणा ठरेल. खेड्यात जागेची तितकी टंचाई नसते.

आता वजनाकडे पाहू. एवढ्याच जाडीची मातीची भिंत दर चौरस मीटरला सुमारे ७६५ किलो भरते. काडाची भिंत, दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर मातीचा गिलावा धरूनही, १९० किलोंच्या आत राहते. सबंध घराचा हिशेब केला तर एकीकडे ४७ टन आणि दुसरीकडे १२ टनांहून कमी. भूकंपाचा हिसका वजनाच्या प्रमाणात असतो हे वर आलेच आहे. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत तर काड मातीच्या सुमारे दहाव्या हिश्शानेच वाहते; दुपारची धग आत पोचण्यापूर्वी संध्याकाळ होते, आणि पौषातल्या रात्री चुलीची ऊब आतच राहते.

पायाचे काम काळ्या जमिनीत विशेष जपून करावे लागते. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून पाया मुरुमापर्यंत खोल न्यावा, किंवा निदान खड्डा रुंद घेऊन तो मुरूम आणि खडीने भरून धुमसावा. त्यावर दगडाचा चौथरा जमिनीपासून दोन फूट उंच. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून उडते ते दीड फुटापर्यंत. पहिला गठ्ठा त्याच्या वर बसला पाहिजे. चौथऱ्याच्या माथ्यावर डांबर आणि जाड प्लास्टिकचा थर द्यावा, आणि वाळवीला वर चढता येऊ नये म्हणून पत्र्याची पट्टी दोन्ही अंगांना दोन बोटे बाहेर काढून खाली वाकवावी. वाळवी पत्र्याला वळसा घालून चढलीच, तर तिचे मातीचे भुयार उघड्यावर दिसते आणि वेळीच मोडता येते.

सांगाड्याचे खांब १.८ मीटरवर उभे करावेत, म्हणजे दोन खांबांमध्ये बरोबर दोन गठ्ठे बसतात. खांबांच्या माथ्यावरून चहूकडे सलग तुळई, आणि प्रत्येक कोपऱ्यात तिरपा आधार. हा तिरपा आधार गवंडी आणि सुतार दोघेही अनावश्यक म्हणून गाळावयास निघतात. तो गाळू देऊ नये. छपरावर कौले घालावीत की पत्रा, हे ज्याचे त्याने ठरवावे. गावठी खापऱ्यांची दरवर्षी शाकारणी करावी लागते आणि माकडांचा उपद्रव असलेल्या गावांत ती वर्षातून दोनदाही करावी लागते. काडाच्या भिंतीवर गळके छप्पर मुळीच चालत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे निर्णय सोपा होतो. वळचण मात्र चारी बाजूंनी निदान तीन फूट बाहेर हवी. पश्चिम आणि दक्षिण या अंगांनी, जिकडून पावसाची झड येते, ओसरीच काढावी. महाकोशलातील घरांना ‘परछी’ असतेच. तिच्याइतके भिंतीचे चांगले रक्षण दुसऱ्या कशानेही होत नाही.

गठ्ठे विटांसारखे सांधेमोड करून रचावेत, प्रत्येक खांबाला दोरीने बांधावेत, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना उभे बांबू लावून ते आरपार सुतळीने एकमेकांशी आवळावेत. वरून मजबूत जाळी ताणून घ्यावी. जाळीचे महत्त्व पाकिस्तानात दिसून आले. ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीरमधील भूकंपानंतर डार्सी डोनोव्हन या अमेरिकन अभियंता बाईंनी तेथे काडाची स्वस्त घरे बांधण्यास आरंभ केला. यंत्रे नव्हती म्हणून गठ्ठे हातानेच दाबले. पाया खडी भरलेल्या पोत्यांचा केला. आणि गठ्ठ्यांवर मासेमारीची नायलॉन जाळी ताणून तिच्यावर मातीचा गिलावा केला. २००९ साली नेवाडा विद्यापीठातील कंपनपीठावर १४ फूट लांब-रुंद असे पूर्ण आकाराचे घर हलवून पाहण्यात आले. गुरुत्वत्वरणाच्या ०.८२ पट हिसक्यानंतरही ते उभे होते. गिलाव्याला तडे गेले, जाळीने सर्व धरून ठेवले. जबलपूर भारतीय मानकांच्या २००२ सालच्या नकाशात तिसऱ्या विभागात आहे. तेथे अपेक्षित असलेला धक्का याहून पुष्कळ सौम्य आहे.

खुंट्या, कोनाडे, विजेच्या नळ्या यांसाठी लाकडी ठोकळे गिलाव्यापूर्वीच खांबांना जोडून ठेवावेत, कारण काडात खिळा धरत नाही. न्हाणी आणि पाण्याचे मडके ठेवण्याची जागा काडाच्या भिंतीला कधीही लावू नये. न्हाणी परसात, स्वतंत्र विटांची. स्वयंपाकघर घरातच हवे असेल तर चुलीमागची भिंत विटांची किंवा मातीची करावी. घरातल्या बायकांना या गोष्टी आराखडा आखतानाच विचाराव्यात; पाणी कोठे सांडते हे त्यांच्याइतके अचूक दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

गिलाव्याची माती निवडण्यासाठी मानकांतील चाचणी घरबसल्या करता येते. ओल्या मातीच्या दोन सेंटिमीटर व्यासाच्या पाच-सहा गोळ्या करून दोन दिवस वाळवाव्यात आणि अंगठा व तर्जनी यांत दाबाव्यात. एकही फुटली नाही तर मातीत चिकण पुरेशी आहे. निव्वळ काळी माती तडकते, तीत वाळू आणि भुसा सढळ हाताने मिसळावा. पहिला हात पातळ काल्याचा, काडात जिरेल असा. दुसरा जाड, भुसा घातलेला. तिसरा बारीक, आणि बाहेरच्या अंगाला त्यावर चुन्याचे दोन-तीन हात. आतून तेथील बायका छुईने, म्हणजे पांढऱ्या मातीने, पोतेरे देतात. ते सर्वथा योग्य आहे. प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच पुढचा. मेच्या अखेरीस बाहेरचा चुना वाळलेला नसेल, तर त्या वर्षी भिंतीपुढे तट्टे बांधून पावसाळा काढावा.

कच्चे आणि पक्के

एक अडचण बांधकामाच्या बाहेरची आहे. सरकारी दप्तरात घर एक तर कच्चे असते, नाही तर पक्के. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातील घराला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र असे प्रमाण ठरले. स्थानिक साहित्याला योजनेची मनाई नाही. पण हप्ता मंजूर करणाऱ्याच्या डोळ्यांना वीट आणि सिमेंट ओळखीचे, काड अनोळखी. अमेरिकेत १८९० च्या दशकात सुरू झालेल्या या पद्धतीला तेथील घरबांधणीच्या आदर्श संहितेत, परिशिष्टात का होईना, स्थान मिळाले ते २०१५ साली. तेव्हा जबलपूरच्या पंचायतीने पहिल्याच दिवशी मान डोलवावी, ही अपेक्षा चुकीची होय. मदतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाने हा प्रयोग पहिल्याने करू नये. ज्याच्याकडे जुने घर उभे आहे, शेत स्वतःचे आहे आणि घरात दोन-चार कष्टाळू हात आहेत, त्याने आधी एखादी खोली किंवा धान्याची कोठी बांधून पाहावी.

पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, दक्षिण-पश्चिम कोपऱ्यातील भिंतीला चौथऱ्यापासून वीतभर उंचीवर आतल्या बाजूने मूठभर मोठे भोक पाडावे आणि हात घालून पेंढा बाहेर काढावा. तो पिवळा, कडक आणि नुकत्याच मळणी झालेल्या खळ्यासारखा वास येणारा असेल, तर भोक मातीने बुजवून टाकावे. तो मऊ किंवा काळपट असेल, तर पाणी कोठून आले ते आधी शोधावे: फुटलेले कौल, गिलाव्यातील भेग, की चौथऱ्याला टेकवून ठेवलेला शेणखताचा ढीग. मग तेवढाच गिलावा खरवडून खराब गठ्ठा काढून घ्यावा आणि कोठीत राखून ठेवलेला कोरडा गठ्ठा त्या जागी ठोकून बसवावा. छपराचा भार खांबांवर असल्याने एवढ्यासाठी घराला टेकू देण्याची गरज पडत नाही, आणि दोन माणसांचे ते एका दिवसाचे काम आहे.